दाजींना दरबारातून हाकललं तेव्हा

दाजींना मी बहुतेक वेळा पाठमोरंच पाहिलं आहे, घोड्यावर बसून लंडनच्या वाटेला लागलेले. दाजी म्हणजे सर लॅम्बर्ट कॉर्डवेल, हॅझलकोटचे मालक, माझ्या थोरल्या बहिणीचे, उर्सुलाताईचे यजमान. गावाला त्यांचा केवढा अभिमान! राणीसाहेबांच्या पानातलं मांस कापून देण्याचा मान आपल्या माणसाकडे आहे, ही काय साधी गोष्ट झाली? मला मात्र त्याचं कधी कौतुक वाटलं नाही. मी लग्न केलं नाही, बहिणीच्याच घरी राहिले, आणि मेंढरं, कुळं, गळकी छपरं आणि पाच पोरं ती एकटी कशी ओढते ते रोज पाहत आले. दाजी तिकडे तितरांच्या तंगड्या अलगद सोडवत होते.

माणूस वाईट नव्हता, उलट फार गोड. नाताळ उलटल्यावर कधीतरी आठवडाभर यायचे, पोरींना रेशमी फिती आणायचे, बागेतल्या नाशपातीच्या झाडांची चौकशी करायचे. पण दरबार अंगात मुरलेला. राणीसाहेबांकडे पाठ करायची नाही, म्हणून तिथे सगळे उलट्या पावली खोलीबाहेर पडतात. एकदा दाजी ताईच्या खोलीतूनही तसेच निघाले आणि कुत्र्याला अडखळून धपकन जिन्यावर बसले. ताईची हसून हसून पुरेवाट झाली.

"अहो, मी राणी नाही, बायको आहे. मला पाठ दाखवलीत तरी चालेल. सवय आहे मला तिची!"

हसता हसता तिचे डोळे भरून आले होते, ते दाजींना दिसलं नाही. मला दिसलं.

थोरल्या सिसलीचं लग्न ठरलं शेजारच्या ह्यू रॅडफर्डशी. ह्यूचा बाप टोबी मेंढ्यांचा मोठा मालक, आणि आवाज असा की कुजबुजला तरी पलीकडच्या शेतातली माणसं मान वळवतात. सिसलीची एकच अट होती. चर्चपर्यंत जाईन तर बाबांचा हात धरून, नाहीतर जाणार नाही. आता राणीसाहेबांच्या परवानगीशिवाय दरबार सोडता येत नाही, आणि परवानगी काही मिळेना, नाताळनंतरच्या आठवड्याचीसुद्धा नाही. वसंतातलं लग्न सुगीवर गेलं, सुगीवरचं पुढच्या वसंतात. ह्यू बिचारा वाळत चालला.

"विहीणबाई," टोबी ताईला म्हणाला, "पोराच्या दाढीत पहिला पांढरा केस दिसला की निरोप पाठवू का?"

आणि मग दाजींची सुरी घसरली. परदेशच्या राजाच्या वकिलासाठी मोठी मेजवानी होती. भाजलेला हंस ताटातून निसटला आणि राणीसाहेबांच्या पांढऱ्या रेशमी बाहीवर चरबीचा ओघळ उतरला. वकिलाला हसू आवरलं नाही, तिथेच सगळं बिघडलं. हुकूम निघाला: आपल्या गावी जाऊन राहा, बोलावल्याशिवाय तोंड दाखवू नका.

दरबारी माणसाला याहून मोठी शिक्षा नाही म्हणतात. दाजी घरी आले ते आजाऱ्यासारखे, आणि थेट वरच्या खोलीत जाऊन दार लावून बसले. ताईने मला भटारखान्यात ओढलं.

"अ‍ॅव्हिस, देव मला क्षमा करो, पण मला नाचावंसं वाटतंय गं!"

"मग नाच की. मी दाराशी उभी राहते."

लग्नाची तारीख ताबडतोब धरली. सफरचंदाची दारू गाळून झाली, मांस भाजायचे खड्डे खणले. पण दाजी खोलीबाहेर येईनात. मी जेवण घेऊन वर गेले तर म्हणाले, "मी नाही येणार. माझं नाक कापलं गेलंय. असल्या बापाबरोबर चालली तर लोक पोरीला हसतील. टोबीने न्यावं तिला."

माझं डोकंच फिरलं. "दाजी, खरं सांगा, तो हंस मुद्दाम तर नाही ना पाडलात?"

त्यांनी मान हलवली. "मुद्दाम नाही गं. त्या घटकेला सिसली मनात आली. आता तिसऱ्यांदा लग्न पुढे ढकलावं लागणार, एवढंच डोक्यात होतं. आणि हात हलला."

मी ताट ठेवलं आणि खाली आले. टोबीने मात्र अंगणातूनच तोंड वर करून समजूत घातली, म्हणजे साऱ्या गावाने ती ऐकली.

"अहो साहेब, आमच्याकडे कुणाच्या हातून हंस सांडला तर कुत्री आशीर्वाद देतात! या खाली!"

वर खिडकी बंद झाली.

लग्नाच्या सकाळी अंगण माणसांनी भरलं. सगळ्यांच्या बाहीला लग्नाची खूण म्हणून रोजमेरीच्या सुवासिक डहाळ्या, ह्यू नव्या बुटांत घामेजलेला, आणि वरचं दार अजून लागलेलंच. शेवटी सिसली निळा झगा सावरत जिना चढली. मी मागोमाग गेले, मला राहवेना.

तिने दार ढकललं. ती रडली नाही, ओरडली नाही.

"बाबा, तिकडे तुम्ही मानाने होतात तेव्हा आम्हाला फिती मिळायच्या. मान गेला आणि तुम्ही मिळालात. मला हेच बरं वाटतंय. आता तुम्हाला लाज वाटत असेल तर वाटू दे, पण माझ्याबरोबर चालता चालता वाटू दे."

दाजी उठले.

"माझी टोपी कुठंय?"

"शोधा," खालून ताई म्हणाली. "घरात कुठली वस्तू कुठे असते ते शिका आता."

चर्चपर्यंतची वाट दाजी सिसलीचा हात धरून चालले. कुणी हसलं नाही. म्हाताऱ्या बायका तर रडत होत्या, आणि मीही.

पंगत अर्ध्यावर आली असेल, तोच चिखलाने माखलेला एक स्वार अंगणात शिरला. दरबाराचा निरोप होता. राणीसाहेबांचा राग निवळला आहे. सर लॅम्बर्टना पश्चात्ताप झाला असेल तर तसं कळवावं आणि लगोलग निघून यावं.

सिसली ह्यूला चिकटून बसली. ताई मुकाट्याने उठली. दरबारचं बोलावणं आलं की दाजींची पेटी तीच भरायची. पण दाजींनी तिचा हात धरला.

"बस गं. जेव आधी."

मग ते स्वाराला म्हणाले, "राणीसाहेबांना माझे प्रणाम सांग. चूक माझीच होती. पण त्यांच्याशी मी खोटं बोलणार नाही. पश्चात्ताप अजून झालेला नाही."

स्वार गांगरला. "मग... कधी होईल, साहेब?"

दाजींनी ताईकडे बोट दाखवलं. "हिला विचार."

ताईने डोळे पुसले, स्वारासाठी बाकावर जागा केली आणि मांसाचं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

"वेळ लागेल रे बाबा," ती म्हणाली. "वीस वर्षं राहून गेलीत आमची. तू जेवून घे."