डबीतली साफ थुंकी

खोकल्याचीही सवय होते म्हणतात लोक. मला नाही झाली बाई. घरधन्याचा खोकला ऐकून ऐकून माझीच छाती थकली. माजरीकडे कोळशाच्या खाणीत त्यांचा जन्म गेला, वरून विडीची जोड. पण त्या उन्हाळ्यात खोकल्याचा आवाज बदलला. संध्याकाळी ताप यायचा, अंग वाळत चाललं. आणि नेमकी तेव्हाच आमची पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. सासरी तिचं करणारं कोणी नव्हतं. टीबी निघाला तर तान्ह्या लेकराला या घरात आणायचं कसं? भात रांधताना, पाणी भरताना, माझ्या डोक्यात तेवढंच.

दवाखान्यातल्या नर्सबाईनं डबी दिली. सकाळी उठल्याबरोबर बेडका त्यात आणा, म्हणाली. दुसऱ्या दिवशी हे मोठ्या मानानं डबी घेऊन गेले, मी मागं. नर्सबाईनं ती उजेडात धरली.

"बाबा, हे तं नुसतं पानी हाये."

"साफ हाये न बाई. चांगल्या चुळा भरल्या, मंग थुकलो."

"अन् घट्ट पडला तो?"

"तो राखेत टाकला, झाकून. असा घान माल तुमच्या हाती देऊ का?"

आमच्याकडे तशी रीतच आहे. बेडका कोणाच्या नजरेस पडू द्यायचा नाही. माणूस उठून घरामागं जातो, राखेत थुंकतो, वरून राख लोटतो. पाहुणे असले तर जास्तच. तेव्हा यांनी चांगलं ते दवाखान्याला दिलं आणि कामाचं ते राखेला. मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. पुन्हा एक दिवस वाट पाहायची होती.

नर्सबाई चिडली नाही. म्हणाली, "बाबा, थुकीत तोंडातले जंतू दिसतेत. ते माह्याही तोंडात हायेत, या मावशीच्याही. नाकात, घशात जनमभर राहतेत, काई करत नाईत. उलट बाहेरच्याले जागा देत नाईत."

"म्हंजे माह्या तोंडात गाव वसलं हाये म्हना."

"वसलं हाये. पन मले त्या गावाचं काम नाई. खाली छातीत कोन घुसला, ते पाहाचं हाये."

मग तिनं समजावलं. श्वासाची नळी खाली जाऊन फाटे फुटत जाते, उलट्या झाडासारखी. शेवटच्या डहाळ्यांना हवेचे बारीक बारीक फुगे. नाकातल्या केसांतून सुटलेली धूळ नळीतल्या चिकट पाण्याला लागते, आणि आतले बारीक केस ती लोटत लोटत वर घशापर्यंत आणतात. "बेडका म्हंजे तो केर," ती म्हणाली. "विडीनं अन् कोळशानं तुमचा झाडू झिजला, म्हनून खोकून काढा लागते."

दुसऱ्या सकाळी तिनं यांना दवाखान्यामागं मोकळ्यावर उभं केलं. खोल श्वास घ्या, थांबा, आता पोटातून खोका. हे खोकले, बेडका डबीत टाकला, आणि मान दुसरीकडे फिरवून डबी पुढे केली.

टीबी नव्हता. दुसरेच जंतू छातीत बसले होते, गोळ्यांनी ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, खोकला मात्र राहील, धुळीनं झिजलेलं परत येत नाही. मी म्हटलं, राहू द्या, पोरगी तर येईल.

आली. आता नातू सव्वा महिन्याचा आहे. मी दिवसभर लेकीचं, लेकराचं आणि यांचं करते. पाठ टेकली की उठवत नाही. काल लेकीनं पोर आजोबाच्या हातात दिलं. थोड्या वेळानं यांना खोकला आला, आणि जन्माची सवय, तोंड फिरवून हे उठले आणि निघाले घरामागं राखेकडे. पोर हातातच.

मी पडल्या पडल्या ओरडले, "अजी, त्याले तं ठेवून जा!"