जाऊबाईंची कबुली

आमच्या थोरल्या जाऊबाई तोंडानं तिखट, हातानं त्याहून. थोरले दीर गेल्यावर त्यांनी कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान टाकलं आणि एकुलत्या लेकीला वाढवलं. गिऱ्हाईक हुज्जत घालायला लागलं की म्हणायच्या, "गप घेऊन जा, नाहीतर परत चुरगळून देते."

जावई निघाला हरामखोर. हो, हरामखोरच! मी कशाला शब्द गिळू? त्या दिवशी पोरगी पळत दुकानात आली. ओठ फाटलेला, कानातून रक्त. मागोमाग तो. आमच्या डोळ्यांदेखत त्यानं तिला केसांना धरून टेबलावर आपटलं. परत आपटलं. मी नुसती किंचाळत होते. मग तिला तिथंच टाकून तो शर्टाची बाही नीट करत निघाला. जाऊबाईंनी तापलेली इस्त्री उचलली आणि मागून त्याच्या मानेवर दाबली. कातडी चरचरली. तो वळला, तशी तीच जबड्यावर हाणली. दात पडले खाली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

जावयानं पोलिसांत तक्रार केली. आमचे वकील म्हणाले, "तो पाठमोरा होता, बचावासाठी मारलं म्हणणं अवघड आहे. पण जावयाकडचे मिटवायला तयार आहेत. तुम्ही म्हणायचं, इस्त्री हातून निसटली. तोही तेच सांगेल. अट एकच, मुलीनं परत नांदायला जायचं."

पोरीनं आईचे पाय धरले. "मी जाते गं आई. तू तुरुंगात जाऊ नकोस."

"म्हणा ना निसटली," मीही म्हटलं. "पुढचं पुढे बघू."

"पुढे काय बघायचं? तिची तिरडी?" जाऊबाई माझ्यावर खेकसल्या.

कोर्टात न्यायाधीशांनी आरोप वाचला. "गुन्हा कबूल आहे का?" वकील उगाच खोकले. जावई मानेवरची पट्टी चाचपत पोरीकडे बघून हसला.

"कबूल," जाऊबाई म्हणाल्या. "निसटली नाही, मी दाबली. का दाबली, तेही लिहून घ्या." आणि पोरीच्या फुटलेल्या कानापासून सगळं त्यांनी भर कोर्टात मोठ्यानं सांगितलं. जावयाचं हसू केव्हाच मावळलं होतं.

शिक्षा झाली. पोलीस त्यांना घेऊन गेले, तसा जावई आमच्या बाकापाशी आला. "चल घरी," म्हणाला.

पोरीनं माझं मनगट इतकं आवळलं की नखं रुतून रक्त आलं.

"आईला तर तू आत घातलंस," ती म्हणाली. "आता मी कशाला भिऊन येऊ?"