घोंघावणारा डबा

तो डबा निवडायला मी महिनाभर घेतला. बाबांच्या जुन्या मराठी सिनेमांच्या डीव्हीडी एका कॉम्प्युटरवर उतरवायच्या, ते मशीन आमच्या वर्तकनगरच्या घरात ठेवायचं आणि सिनेमे इंटरनेटवरून डोंबिवलीत बाबांच्या टीव्हीवर लागायचे, असा माझा बेत होता. आई गेल्यापासून बाबा एकटेच असतात आणि त्यांचा प्लेअर कधीचाच बसलेला.

प्रश्न एकच होता, ट्रान्सकोडिंगचा. टीव्हीला फाइल जशीच्या तशी झेपली नाही, तर ती चालता चालता बदलून द्यावी लागते आणि तिथे मशीनचा घाम निघतो. मोठं ग्राफिक्स कार्ड घ्यावं, की हे काम गुपचूप करणारा नवा प्रोसेसर? मी कागदपेन्सिल घेऊन बसले आणि ठरवलं, काहीच नको. सगळे सिनेमे आधीच बाबांच्या टीव्हीला चालतील असे करून ठेवले, मग बदलायचंय काय? ऑफिसात वापरून टाकलेला एक जुना डबा स्वस्तात उचलला. स्वतःच्या हुशारीवर मी जाम खूश होते.

थोड्याच दिवसांत डब्याचा पंखा घोंघावायला लागला. दुपारी तर हमखास, नेमका नवरा घरून काम करत असताना.

"अगं, लोक विचारतायत, मी गिरणीत बसलोय का!"

"बाबा गणपतीत आलेले तेव्हा ह्याच्याच शेजारी बसून सिनेमे बघत होते. एका शब्दाने बोलले नाहीत. तुझेच कान नाजूक."

पण डब्यापेक्षा मोठी काळजी बाबांचीच होती. हल्ली त्यांचं लक्षच नसायचं. विचारावं एक तर उत्तर भलतंच, फोनवर सगळ्याला नुसतं "हो हो". त्यांच्या शेजारच्या काकूंनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "त्यांना विसरायला होतंय गं बहुतेक. दाखवून घे." डॉक्टरांचा नंबर मी काढून ठेवला होता, पण लावायची हिंमत होत नव्हती. एक दिवस बाबा मलाही ओळखणार नाहीत, याची मला भयंकर भीती वाटायची.

एका दुपारी नवऱ्याने फारच कटकट केली, म्हणून मी मोबाइलवर डब्यात काय चाललंय ते दाखवणारं पान उघडलं. बाबांच्या टीव्हीवर सिनेमा चालू, ट्रान्सकोडिंग चालू, कारण: सबटायटल्स. डीव्हीडीतली सबटायटल्स म्हणजे अक्षरं नसतात, चित्रं असतात. त्यांच्या टीव्हीला ती दाखवता येत नाहीत, म्हणून माझा डबा बिचारा प्रत्येक दृश्यावर ती चिकटवत बसला होता. मी लगेच फोन लावला.

"बाबा, चुकून बटण दाबलं गेलंय. खालची इंग्रजी अक्षरं बंद करा."

"हो हो, करतो."

पंखा घोंघावतच राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. म्हणजे सांगितलेलं पाच मिनिटंही डोक्यात राहत नाही.

रविवारी डोंबिवली गाठली. बाबा सिनेमा बघत होते. मी रिमोट घेतला, सबटायटल्स बंद केली आणि चहा टाकायला आत गेले. पुढच्या प्रसंगाला बाबा नेहमी पोट धरून हसतात. आतून मी कान देऊन होते. संवाद येऊन गेला, बाबा हसले नाहीत. बाहेर येऊन मी त्यांच्या मागे उभी राहिले आणि हाक मारली. मग जरा मोठ्याने. मग ओरडूनच. त्यांनी मान वळवली नाही. पुढे झुकून ते नटाच्या ओठांकडे बघत होते.

मी समोर जाऊन बसले तेव्हा म्हणाले, "ते खालचं लाव ना परत. 'आई गं'चं 'ओ मदर' करतात लेकाचे, पण कळतं तरी."

ते काहीच विसरत नव्हते. त्यांना ऐकूच येत नव्हतं. मला रडू आलं आणि त्याच दमात रागही आला.

"एवढे दिवस सांगितलं का नाहीत?" मी तोंडासमोर जाऊन ओरडले.

"तू विचारलं असशील," बाबा म्हणाले, "मला ऐकू आलं नसेल."

कानाला मशीन लावायला मात्र ते तयार होईनात. म्हणे, म्हातारा दिसेन. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाला मी यावर काय सांगणार? शेवटी तेच म्हणाले, "त्या डब्यासाठी महिनाभर सगळ्यांचं डोकं खाल्लंस. माझ्या कानासाठीही खा थोडं." मी खाल्लं, कुठलं मशीन घ्यायचं यावर. पंखा थांबावा म्हणून आता नवा प्रोसेसर घ्यायचं मनात होतं, ते पैसे तिकडे गेले.

आमच्या घराजवळच, खोपटला एसटी डेपोपाशी एका बाईंनी त्यांचे कान तपासून मशीन बसवून दिलं. तिथून बाबा आमच्याकडेच आले. सोफ्यावर बसून सवयीने तोच रविवारचा सिनेमा लावला, सवयीने सबटायटल्सही. आमचा टीव्हीही त्यांच्या टीव्हीसारखाच, त्यालाही ती झेपत नाहीत. डबा घोंघावायला लागला.

बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. इकडे तिकडे बघितलं.

"हे काय घोंघावतंय केव्हाचं? कान किटले माझे!"

"बघ!" नवरा मला म्हणाला आणि बाबांना टाळी द्यायला पुढे झाला.

बाबांनी रिमोट उचलला आणि सबटायटल्स बंद केली. थोड्या वेळाने पंखा आपोआप शांत झाला. मग तो प्रसंग आला आणि बाबा हसले, अगदी वेळेवर.