न थांबणाऱ्या बसचा थांबा शोधत मुळगावला

बाबा गेले त्या वर्षी मला घरात बसवत नव्हतं. कपाट आवरायला काढायचं, अर्धवट सोडायचं, उगाच बाजारात जाऊन यायचं. अशात एका मैत्रिणीने एक जुनी कादंबरी हातात दिली. त्यात एका लहान गावातला चहावाला आहे. बस आपल्या दुकानासमोर थांबावी म्हणून तो स्वखर्चाने थांबा बांधतो. बस काही थांबत नाही. पण बाक इतका ऐसपैस, की गाव तिथेच बसतं आणि बस दिसली की खऱ्या थांब्याकडे पळतं. लेखक हे पंचायतीच्या इतिवृत्ताइतक्या गंभीरपणे सांगतो. कुठे हसायचं तेही सुचवत नाही. मी मोठ्याने हसले आणि लगेच ओशाळले. शेजारच्या खोलीत आई होती.

तो चहावाला खरा होता, डिचोलीजवळच्या मुळगावचा, असं मैत्रीण म्हणाली. रविवारी मी आणि माझा नवरा माधव कुडाळहून गाडीने निघालो.

बांद्यावरून हायवेने गोव्यात शिरलो. धारगळला उंडे, म्हणजे गोव्याचे गोल पाव, आणि पातळ भाजी खाल्ली. स्वस्तात पोट भरतं, पण सकाळीच जा, उंडे लवकर संपतात. पुढे माधवला हळर्णचा किल्ला बघायचा होता. ढासळलेली तटबंदी, झाडी, निवांत जागा. तुम्ही तासभर तरी ठेवा. मी मात्र आत शिरले आणि गाडीपाशी परत आले.

"तुला नक्की कुठे पोचायचंय?" माधवने विचारलं. मी दार उघडून गाडीत बसले.

नदी ओलांडून डिचोलीकडे वळलो, तशी रस्त्याकडेची झाडं खाणींच्या धुळीने तांबडी दिसू लागली. मुळगावात पहिल्याच माणसाने घर दाखवलं. थांबा रस्ता रुंद करताना गेलेला, दुकान बंद. चहावाल्याच्या पत्नी, सुलभाकाकी, अंगणात मिरच्या वाळवत होत्या. कादंबरी वाचून आलोय म्हटल्यावर त्यांनी आधी चहा ठेवला.

पुस्तक वाचून लोक काकांवर हसतात त्याचं वाईट नाही वाटत का, मी चाचरत विचारलं. सुरुवातीला राग आला होता, त्या म्हणाल्या. यजमान लेखकाशी कितीतरी दिवस बोलत नव्हते. चहा मात्र देत होते. आता सून वाचून दाखवते तेव्हा काकींनाच हसू येतं. मग कप पुसत त्या म्हणाल्या, "हांगा ते नात गो बाय. पुस्तकात अजून चाय करतात."

हांगा ते नात, म्हणजे इथे ते आता नाहीत. माझे डोळे भरले. त्यांनी माझा कप पुन्हा भरला.

मुळगावात फोटो काढण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी ती कादंबरी वाचून जरूर जा.

संध्याकाळी घरी पोचल्यावर मी आईला थांब्याचं प्रकरण वाचून दाखवलं. ती हसली नाही. पण म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदा तिला माहेरहून न्यायला आलेले बाबा चुकून शेजारच्यांच्या घरात शिरले होते. चूक सांगायची लाज वाटली म्हणून जेवूनच उठले. मी हे कधीच ऐकलं नव्हतं.

"आणि त्या लोकांनी आग्रह करकरून वाढलं," आई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली, की पुढचं सांगायला तिला पाणी द्यावं लागलं.