उंटांचं पाणी

आज उपासनेत पाळकसाहेबांनी रिबकेची गोष्ट उलगडली. अब्राहामाचा चाकर धन्याच्या मुलासाठी बायको शोधत विहिरीवर येतो, पाणी मागतो, आणि रिबका त्याच्याबरोबर त्याच्या दहा उंटांनाही पाणी पाजते. पाळकसाहेब म्हणाले, चाकर म्हणजे पवित्र आत्मा, विहीर म्हणजे वचन आणि न सांगता राबणारी रिबका म्हणजे मंडळी. शेजारी सासूबाई मान डोलवत होत्या.

उंट म्हणजे काय, ते पाळकसाहेबांनी सांगितलं नाही. मला ते ठाऊक आहे. लग्नाआधी मला बघायला आलेल्यांची जीप तापली होती. सासूबाईंनी चारदा पाणी मागितलं, मग जीपसाठीही दोन बादल्या आणायला लावल्या. मी हापसा मारत होते आणि नवरा मुलगा सावलीत बसून बघत होता. गोष्टीतला चाकरही असाच गप्प बघत राहतो. त्या बघण्याचा अर्थ कुणी काढत नाही.

बाहेर आलो तर हापशापाशी माझ्या मुलासाठी सांगून आलेली मुलगी उभी होती. सासूबाईंनीच तिला बोलावलेलं. पायरीवर टेकत त्या म्हणाल्या, "बाळ, जरा पाणी दे गं."

मुलीनं तांब्या उचलला. मी तो तिच्या हातून काढून मागून आलेल्या माझ्या मुलाला दिला.

"तू हापस. आधी हिला दे."

त्यानं हापसलं, ती पोटभर प्यायली. सत्तावीस वर्षांनी मी सावलीत उभी राहून गप्प बघत होते.

"आणि मला?" सासूबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "हापसा मोकळाच आहे, आई."