डाव्या गालाचा दस्ता

माझी मुलगी डावखुरी आहे आणि तिच्या शाळेतली रायफल उजव्या हाताच्या माणसासाठी बनवलेली आहे. सगळे एवढ्यावरून सुरू झाले.

जव्हारला तिच्या शाळेत खेळाच्या सरांनी एका रिकाम्या खोलीत भिंतीला कागद लावून नेमबाजी सुरू केली. हवेवर चालणारी रायफल, शिशाचा बारीक छर्रा, परवान्याची भानगड नाही. मुलगी त्यात रमली. पण रायफलचा दस्ता, म्हणजे जो लाकडी भाग खांद्याला लावतात आणि ज्यावर गाल टेकतात, तो उजव्या गालासाठी कोरलेला. ती डाव्या खांद्याला लावायची तेव्हा गाल अधांतरी राहायचा आणि मान वाकडी व्हायची. तरीही नेम बरा लागत होता.

सरांनी मला बोलावून घेतले. दिवाळीनंतर जिल्ह्याची निवड आहे, मुलीत गुण आहे, पण तिला स्वतःची रायफल लागेल, असे म्हणाले. इथवर ठीक होते. मग म्हणाले, "त्याआधी तिचा हात उजवा करून टाका. लहान आहे, होईल सवय."

मी जे बोलले ते शिक्षकांच्या खोलीपर्यंत ऐकू गेले असणार.

मीही डावखुरी. आश्रमशाळेत गुरुजींनी माझ्या डाव्या हाताला फडके गुंडाळून गाठ मारली होती, आणि अक्षर उजव्या हाताला येईपर्यंत ती रोज सकाळी नव्याने मारली. आज माझा मोगऱ्याचा धंदा आहे. जव्हार-मोखाड्याच्या मळ्यांतून कळ्या उचलते आणि दादरला पाठवते. तिथले व्यापारी माझ्याशी भाव करताना जपून बोलतात. कळी खुडताना माझा डावा हात अजून कुठल्याही पोरीला मागे टाकतो. पण सही करायची वेळ आली की मनगटाला ती गाठ जाणवते. गुरुजी केव्हाच वारले. मी त्यांना माफ केलेले नाही.

तेव्हा मुलीचा हात बदलायचा नाही, हे ठरलेच. प्रश्न रायफलचा होता. डावखुऱ्यांसाठी तयार रायफल मिळते, ती परदेशातून येते. तिची किंमत सरांनी सांगितली तेव्हा मी पहिल्यांदाच घासाघीस न करता गप्प बसले. दुसरा रस्ता म्हणजे सुटे भाग आणून जुळवायचे. एकाची नळी, दुसऱ्याचा घोडा, तिसऱ्याची नेम धरायची दुर्बीण. स्वस्तात पडेल म्हणून मला हे आवडले होते. सर मात्र ठाम होते. नळी आणि घोडा एकाच घरचे हवेत, नाहीतर छर्रा कुठे जाईल सांगता येणार नाही. दुर्बीणही लागत नाही, नेम धरायला नळीवरची साधी कडी पुरते.

मी माझ्या धंद्याच्या हिशेबाने विचार केला. जे चुकले तर पुन्हा करता येत नाही ते विकत घ्यायचे. जे चुकले तरी पुन्हा करता येते ते घरी करायचे. लोखंड विकत, लाकूड घरचे.

ठाण्याच्या दुकानदाराला हे पटेना. त्याने चांगली रायफल दाखवली. मी ती हातात घेऊन सगळीकडून बघितली आणि दस्ता काढून द्यायला सांगितले.

"ताई, बिनदस्त्याची रायफल कोण घेतं?"

"मी घेते. दस्ता तुमच्याकडे ठेवा. कुणाचा तुटला तर त्याला विकाल. एका मालाचे दोनदा पैसे होतील. मग मला पुरा भाव कशाला सांगता?"

तो म्हणाला, कंपनीचा माल आहे, असा तोडून विकता येत नाही. मी म्हटले, काचेच्या कपाटात नुसता दस्ता टांगलाय तो काय झाडावरून पडला? मागे उभी असलेली मुलगी माझा पदर ओढत होती. मी दोनदा दुकानाबाहेर गेले. दुसऱ्यांदा त्याने पोऱ्याला चहा आणायला पाठवले, तेव्हा मला कळले की सौदा झाला.

पावती करताना तो म्हणाला, "नेम लागला नाही तर परत यायचं नाही."

"नेम माझ्या मुलीचा आहे, तुमचा नाही."

दस्ता कोरायचा तो पोशेऱ्याच्या मामांनी, हे माझ्या मनात पहिल्यापासून होते. मामा बोहाड्याचे मुखवटे करतात. आमच्याकडे उत्सवात देवांची आणि राक्षसांची सोंगे नाचतात, आणि मामांचा मुखवटा घालून नाचणाऱ्याच्या तोंडाला कधी घासत नाही. त्यांची रीत अशी की मुखवटा आतून कोरत आणला की घालणाऱ्याच्या तोंडाला ओला गेरू फासतात आणि मुखवटा दाबून धरतात. आत जिथे लाल रंग उमटेल तिथे लाकूड टोचते आहे. तेवढेच तासायचे. पुन्हा गेरू, पुन्हा तासणे, रंग सगळीकडे सारखा लागेपर्यंत.

मुलीच्या डाव्या गालाला त्यांनी तसाच गेरू लावला. तिला रायफल धरून भिंतीवरच्या खिळ्याकडे बघायला सांगायचे, मग दस्ता काढून घ्यायचे, खरवडायचे, पुन्हा द्यायचे. संध्याकाळी परत निघालो तेव्हा एसटीतल्या बायका विचारू लागल्या, पोरीचा गाल सुजलाय काय.

दस्ता तयार झाला. हलका इतका की एका बोटावर पेलावा. आजूबाजूच्या घरांतली माणसे येऊन उचलून बघत होती, मामांची तारीफ करत होती. मीही केली.

शाळेत तिने पहिले छर्रे मारले. कागदावर भोके अशी पडली की जणू कुणी मूठभर नाचणी फेकली. शाळेच्या वाकड्या रायफलवर ती याहून चांगली मारत होती.

सरांनी रायफल उचलली आणि लगेच खाली ठेवली. खूप हलकी आहे, म्हणाले. श्वास घेतला तरी नळी हलते. लाकूड कुठले?

लाकूड पांगाऱ्याचे. मुखवट्यांना पांगाराच लागतो, कारण तो तोंडावर बांधून रात्रभर नाचायचे असते. जितका हलका तितका चांगला, हे आमच्याकडे पोरासोरांना माहीत. मामांना दुसरे काही सुचले नाही, मला सुचले नाही, उचलून बघणाऱ्या एकालाही सुचले नाही. नाचायचे आणि स्थिर उभे राहायचे यातला फरक आम्हा कुणाच्या डोक्यात आलाच नाही.

सर या वेळी हळू बोलले. निवड जवळ आली आहे. ओळखीत एक उजव्या हाताची रायफल आहे, चांगली आहे, वापरायला देतील. निदान यंदापुरते.

मी उत्तर द्यायच्या आधी मुलगी म्हणाली, "चालेल."

त्या दिवशी मी भांडले नाही. वेळ हातात नसला की माल पडेल त्या भावाला काढायचा, हे मी शेकडो वेळा केलेले आहे. घरी येऊन कळ्यांच्या पाट्या बांधायला बसले. मुलगी अंगणात काठी घेऊन उजव्या खांद्याला लावून बघत होती. काठी डावीकडे सरकायची, ती परत उजवीकडे न्यायची. शेवटी तिने कमरेची ओढणी सोडली आणि डाव्या मनगटाला गुंडाळायला लागली. कुणी सांगितले नव्हते. हाताने मध्ये येऊ नये म्हणून तिचे तिनेच.

मी पाटी टाकून उठले आणि ओढणी काढून घेतली.

"आई, मग काय करू?"

"तुला काय पाहिजे ते सांग. चालेल ते नको सांगूस."

तिने काठी भिंतीला टेकवली. "जड पाहिजे. गालाला मामांचीच बसते, तशीच. फक्त जड."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पोशेऱ्याला गेले. मामांवर चिडायचे ठरवून गेले होते आणि थोडी चिडलेही. ते पांगाऱ्याचा दस्ता मांडीवर घेऊन ऐकत राहिले. मग म्हणाले, "बाय, आधी सांगायचं ना, पोर नाचणार नाय म्हणून." मला हसू आले आणि माझे भांडण तिथेच संपले.

मामांच्या शेजाऱ्याने नवे घर बांधताना जुना गोठा पाडला होता. त्याचा बिवळ्याचा खांब पडवीत आडोशाला पडून होता, कित्येक वर्षांचा वाळलेला, दोघांनी उचलावा असा. शेजाऱ्याने मला येताना पाहिले आणि खांबाला अचानक मोल आले. माझी गरज त्याला दिसत होती, म्हणून मी खांबाकडे पाठ करून त्याच्या नव्या घराची चौकशी करत बसले. दारे बसायची होती. दाराला तोरण बांधायला मोगरा कोण देणार, असे विचारले. खांब मिळाला.

बिवळा चिवट. मामांची पटाशी दोनदा बोथट झाली. पण पहिला दस्ता समोर होता, गालाचा आकार त्यातून उतरवता आला, आणि मग पुन्हा गेरू. मुलीच्या गालाचा रंग या वेळी दोन दिवस गेला नाही.

शाळेत तिने तो खांद्याला लावला. मान सरळ होती. सरांनी सांगितले म्हणून मी मागे उभी राहिले आणि बोलायचे नाही म्हणून तोंडावर पदर धरला. कागद ओढून आणला तेव्हा भोके एकमेकांना लागून होती. काही ठिकाणी एकाच भोकाची कड फाटलेली. सरांनी कागद उजेडाला धरला आणि बराच वेळ बघितला.

जिल्ह्यात ती पहिली आली नाही. पुढच्या फेरीत मात्र गेली, आणि सोमवारपासून पुन्हा सराव सुरू झाला. त्या दिवशी मी तिला सोडायला गेले तर सर फाटकापाशी थांबले होते. विक्रमगडच्या एका शाळेत डावखुरी मुलगी आहे, म्हणाले. मामा तिच्यासाठी एक दस्ता करतील का, जरा विचाराल?

"मामांना विचारायची गरज नाही," मी म्हटले. "भाव मी सांगते. आणि लाकूडही मीच बघेन."

मुलगी खांद्यावरची रायफलची पिशवी सावरत हसायला लागली. "सर, लगेच हो म्हणू नका. आईने आत्ता कुठे सुरुवात केलीय."