‘येतो’चं जपानी

पुण्यात जपानी शिकून मी दुभाष्या म्हणून सौदीतल्या जिझानला गेलो, तेव्हा वाटायचं, शब्द पाठ असले की झालं. पहिल्याच मीटिंगमध्ये ती हवा उतरली. पाइप पुरवायचं काम मागणाऱ्या एका ठेकेदाराला आमचे जपानी साहेब म्हणाले, ‘मुझुकाशी देसु ने.’ म्हणजे, कठीण आहे. मी तसंच सांगितलं. ठेकेदार खूश! कठीणच ना, अशक्य तर नाही! दुसऱ्या दिवशी गडी पाइपांचा ट्रक घेऊन गेटवर हजर. साहेब चिडले नाहीत. मला बाजूला बसवून त्यांनी चहा दिला, आणि मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला, की साहेबांचं ‘कठीण’ म्हणजे स्वच्छ ‘नाही’.

खरं तर रत्नागिरीच्या माणसाला यात नवल वाटायला नको होतं. आमच्याकडे कुणी ‘बघू’ म्हटलं की मागणारा उठून चपला घालतो.

एकदा साहेबांनी जिझानचा आंबा कापून पुढे केला आणि विचारलं, ‘कसा आहे?’ हापूसवर वाढलेला मी काय बोलणार! ‘चोत्तो...’ म्हणालो आणि थांबलो. चोत्तो म्हणजे जरा. पुढचं बोलायचं नसतं, ऐकणाऱ्यानं ओळखायचं असतं. साहेब डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. ‘आता तुला जपानी आलं,’ म्हणाले. इतकं गोड सर्टिफिकेट मला पुन्हा कुणी दिलं नाही.

माझा लाडका शब्द मात्र वेगळाच होता. ऑफिसातून साइटवर निघताना म्हणायचं, ‘इत्तेकिमासु’, जाऊन येतो. मागे राहणारा म्हणतो, ‘इत्तेराश्शाई’, जाऊन या. घरातून निघताना चुकून ‘जातो’ म्हटलं तर माझी आई अजून खेकसते, ‘येतो म्हण मेल्या!’ तिकडे जपानातही कुणाची तरी आई असंच खेकसत असणार, याचं मला फार अप्रूप वाटायचं. साहेब कामातून मान वर काढत नसत, पण उत्तर द्यायला कधी विसरले नाहीत. आज इथे गावी बाजारात निघालो तरी तो शब्द ओठांवर येतो आणि मागून कुणी काही म्हणत नाही.

मग नितकात आलं. ऑफिसातल्या जागा सौदी माणसांना द्यायच्या, असा नियम. त्यांचा देश, त्यांच्या पोरांना नोकऱ्या, त्यात माझी तक्रार नाही. पण माझ्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, हुद्दा ‘क्लार्क’ पडला होता. दुभाष्याला अरबीत काय म्हणतात याचा विचार करायचा कुणीतरी कंटाळा केला असावा. आता नेमकी क्लार्कांवरच गदा आली. मुलगी तिथल्या इंडियन स्कूलमध्ये नववीत होती, बायकोनं बाल्कनीत कढीपत्ता जगवला होता. आम्हाला राहायचं होतं. मी साहेबांना गाठलं आणि सरळ विचारलं, ‘मला ठेवून घेता येईल का?’

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, ‘मुझुकाशी देसु ने.’

घरी पोचलो तर बायको दारातच उभी होती. “काय म्हणाले हो?”

“कठीण आहे म्हणाले.”

“पण बघतील ना काहीतरी?”

“बघतील गं.”

ज्या शब्दाचा अर्थ मी साऱ्या साइटला ‘नाही’ म्हणून शिकवला, तो माझ्यावर आल्यावर मी त्या ठेकेदाराहून शहाणा ठरलो नाही. हातात कायमचं परतायचे कागद पडेपर्यंत मी आशा धरून बसलो होतो.

निघायच्या दिवशी बायको आणि मुलगी खाली टॅक्सीत थांबल्या आणि मी वर ऑफिसात साहेबांचा निरोप घ्यायला गेलो. कायमचं जाणाऱ्यानं ‘ओसेवा नि नारिमाशिता’ म्हणायचं असतं, आपण मला सांभाळलंत. जिन्यात दोनदा घोकलंही. दारात वाकलो आणि तोंडातून निघालं, ‘इत्तेकिमासु.’

दुभाष्याची इतकी ढोबळ चूक! माझे कान तापले. साहेबांनी मान वर केली. ते उठून उभे राहिले, नीट वाकले आणि म्हणाले, ‘इत्तेराश्शाई.’ मला रडू फुटलं.

डोळे पुसून टॅक्सीत बसलो.

“काय म्हणाले साहेब?”

“जाऊन या म्हणाले.”

“म्हणजे परत बोलावणार?” तिचा चेहरा एकदम उजळला.

या वेळी मी भाषांतर नीट केलं. “नाही गं,” म्हणालो.